एक्केचाळीस नंबरचं पाणी

अंधेरीतल्या एका जाहिरात कंपनीत मी एकदा अर्धा दिवस सगळ्यांच्या तोंडानं बोलले होते. सहा वर्षांत त्या ऑफिसात ज्यानं ज्यानं जे काही लिहिलं, ते सगळं माझ्या नावावर चढलं होतं. ‘रेखा : लोगो मोठा करा.’ त्याखाली, ‘रेखा : लोगो लहान करा, डोळ्यांत खुपतोय.’ त्याखाली, ‘रेखा : मी सोमवारपासून येत नाही, सगळ्यांना टाटा.’ कोणाला तरी मुलगी झाली होती, ती मला झाली होती. कोणाच्या तरी वडिलांचं ऑपरेशन होतं, ते मीच कळवलं होतं आणि ‘काळजी घे रे’ असं उत्तरही मीच मला दिलं होतं.

चूक साधी होती. त्या माणसांची नव्या सॉफ्टवेअरमध्ये अजून खाती उघडलेली नव्हती, आणि बेवारस लिखाण हलवणाऱ्याच्या नावावर जाऊन पडतं. ही रंगीत तालीम होती, खरा प्रयोग नव्हे. म्हणून कोणाला कळायच्या आत मी ते पुसलं आणि नीट केलं. पण पुसण्याआधी चहा पार गार होईपर्यंत वाचत बसले. खिडकीबाहेर दुपार होती, एसीचा एकसुरी आवाज होता, आणि न पाहिलेल्या माणसांची बारीकसारीक वाक्यं पाण्यातल्या पानांसारखी समोरून सरकत होती. घरी जाताना क्षणभर खरंच वाटलं की सोमवारपासून मी येणार नाहीये, सगळ्यांना टाटा.

हेच माझं काम. आज कुठल्याही कंपनीत कामं वहीत नसतात, सॉफ्टवेअरमध्ये असतात. एकेका कामाचं एकेक कार्ड. त्यावर कोणी करायचं, कधीपर्यंत, कुठवर आलंय हे असतं आणि खाली त्याबद्दलच्या गप्पा असतात. मग कंपनीला दुसरं सॉफ्टवेअर आवडतं, किंवा जुनं बंद पडणार असतं, आणि वर्षानुवर्षांची ती कार्डं इथून उचलून तिथे मांडावी लागतात. ते मी करते. आमच्या आईनं मुलुंडच्या अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलंय, “रेखा सामान हलवायच्या कंपनीत आहे.” एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कपाट न्यायला टेम्पो मागायला आल्या होत्या.

आईचं तसं फार चुकत नाही. जुन्या घरात सात खण असतात, नव्यात पाचच. कुठल्या खणातलं कुठे ठेवायचं, हे ठरवण्यातच सगळी अक्कल. जुन्यात ‘थांबवलंय’ असा खण असतो, नव्यात नसतो. मग थांबलेलं काम चालू समजायचं की संपलेलं? माणसं मला सांगतात, “मॅडम, तुम्हीच बघा ना.” आणि मी बघते. पंचवीसेक वर्षं बघत आले. नावही होतं माझं. रेखाच्या हातून गेलेला डेटा धुतल्या तांदळासारखा, असं लोक म्हणायचे, आणि ते मला आवडायचं.

घाटकोपरच्या मेहूलभाईंनी मला बोलावलं ते त्या नावावरच.

मेहूलभाईंची कंपनी इमारतींच्या तळघरातलं पाणी उपसायचे पंप बसवते आणि सांभाळते. मुंबईच्या उपनगरांत जमिनीखाली इतकं पाणी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. खाडीजवळच्या इमारतींच्या तळघरात कोपऱ्यात एक खड्डा असतो. झिरपलेलं पाणी त्यात जमतं, वर आलं की त्यावर तरंगणारा एक गोळा उचलला जातो आणि त्या गोळ्यानं पंप आपोआप सुरू होतो. गोळा गाळात अडकला, तर पंप सुरूच होत नाही. म्हणून खड्डा आणि गोळा ठरलेल्या दिवशी साफ करायचा. मेहूलभाईंकडे अशा शंभरावर साइट होत्या. प्रत्येकीला नंबर. सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं नाव नव्हतं, नुसता नंबर.

“जुनं सॉफ्टवेअर बंद होणार आहे, रेखाताई,” मेहूलभाई म्हणाले. घाटकोपरात जन्मलेला माणूस, मराठी आमच्यासारखंच बोलतो, फक्त मधे मधे ‘सिंपल’ म्हणतो. “सगळं नव्यात पाहिजे. साफसूफ करून. सिंपल.”

दिवाळी नुकतीच झाली होती. दोन आठवडे मी त्यांच्या ऑफिसात टेबल टाकून बसले. बहुतेक सगळी कार्डं एकाच माणसानं लिहिलेली होती. हिरामण काका. वर्सोव्याचे कोळी, बारा वर्षं कंपनीचे सुपरवायझर, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. त्यांची वाक्यं तीनचार शब्दांची असायची. ‘गाळ जास्त.’ ‘पानी गोडा.’ ‘पानी खारा, बघून घ्या.’ चाखून बघायचे की काय, असा प्रश्न मला पडायचा. दुपारी जेवण झाल्यावर ती कार्डं एकामागून एक उघडताना शहराच्या पोटात कुठेतरी खोल, अंधारात, शांतपणे पाणी हलतंय असं वाटत राहायचं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असायचे आणि मी पाण्याखाली बसलेली असायचे.

काकांच्या कार्डांवर ‘पाणी’ नावाचा एक रकाना होता. त्यात फक्त एक अक्षर. कधी ‘उ’, कधी ‘भ’. बाकी काही नाही.

मी मेहूलभाईंना विचारलं. “उ आणि भ म्हणजे काय?”

“काय माहीत? काकांचं काहीतरी असेल.” त्यांनी नव्या सुपरवायझरला हाक मारली, त्यालाही माहीत नव्हतं. “फोन करा ना काकांना. नंबर देतो.”

मी लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही कोणी. मग मी माझं डोकं चालवलं. उ म्हणजे उघडं, भ म्हणजे भरलं. म्हणजे काम बाकी आहे आणि काम झालंय. ते तर ‘स्थिती’च्या रकान्यात होतंच. एकच गोष्ट दोनदा कशाला? मी ‘पाणी’चा रकाना गाळला.

दुसरी गोष्ट तारखांची. निवृत्त होण्याआधी काकांनी पुढच्या दोन वर्षांच्या साफसफाईच्या तारखा एकेक करून हातानं भरून ठेवल्या होत्या. बऱ्याच साइटवर त्या वेड्यावाकड्या होत्या. चौदा दिवसांनी एक, मग पंधरा, पुन्हा पंधरा, मग चौदा. मला वाटलं, म्हातारा माणूस, मोजताना चुकत असेल. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक छान सोय होती, ‘दर पंधरा दिवसांनी’ एवढं सांगितलं की ते जन्मभर आपोआप कार्ड काढत राहणार. मी सगळ्या वेड्यावाकड्या तारखा पुसून तो एक नियम लावला. मेहूलभाईंना दाखवलं. ते खूश झाले.

“सिंपल,” म्हणाले आणि कुठलं कुठे गेलं आणि काय गाळलं ते लिहिलेल्या जुळणीच्या कागदावर सही केली.

ते दोन आठवड्यांचं काम माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात नेटक्या कामांपैकी होतं. हे मी आज लाजून लिहितेय, पण तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

मे महिना आला. वैशाख पौर्णिमेला आमच्या मुलुंडच्या विहारात दरवर्षीप्रमाणे वंदना झाली, खीर झाली. संध्याकाळी आईला हाताला धरून घरी आणताना ती फाटकाशी थांबली आणि वर बघत म्हणाली, “केवढा आलाय बघ.” मीही पाहिला. भलामोठा, पिवळट चंद्र, समोरच्या टॉवरच्या गच्चीला टेकलेला. छान वाटलं, आणि आम्ही आत गेलो. आता वाटतं, एवढा मोठा निरोप समोर टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला, एमआयडीसीत एका कामावर होते. दुपारी एकच्या सुमारास मेहूलभाईंचा फोन आला. आवाज चढला नव्हता, उलट पडलेला होता.

“रेखाताई, सिस्टममध्ये बघा ना. एक्केचाळीस नंबरची साफसफाई कधी आहे?”

मी उघडून पाहिलं. “तीन दिवसांनी. का?”

“तळघर भरलंय.”

“पाऊस नाही काही नाही, कसं भरेल?”

“ते मला काय माहीत? मी घाटकोपरला अडकलोय. माणसं निघालीत. तुम्ही जवळ आहात, तर जाता का? तिथे सिस्टर खूप घाबरल्यात.”

“सिस्टर?”

“डायलिसिस सेंटर आहे ते.”

हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षांची कार्डं मी वाचली होती, पण एक्केचाळीस म्हणजे डायलिसिस सेंटर, हे त्यात कुठेच नव्हतं.

रिक्षानं मी वीस मिनिटांत पोचले. वर्सोव्याच्या खाडीकडे पाठ करून बसलेली एक गल्ली, तिच्या टोकाला तीन मजली इमारत. आभाळात ढगाचा ठिपका नाही. डांबर वितळेल असं ऊन. आणि त्या उन्हात तळघराच्या जिन्यावरून खाली पाहिलं तर पाणी. पाच पायऱ्या बुडालेल्या. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आत येऊन त्या पाण्यावर पडली होती आणि तिचा उजेड छतावर हलत होता. एक निळी चप्पल आणि कसलीशी रिकामी पुठ्ठ्याची पेटी हळूहळू गोल फिरत होत्या. काही आवाज नाही. इतकं शांत आणि सुंदर दिसत होतं ते, की मला त्याची भीती वाटायला जरा वेळ लागला.

विजेचा मेन बोर्ड त्या पाण्याखाली होता.

वर धावले. पहिल्या मजल्यावर दार उघडं, पंखे बंद, दिवे बंद. खिडक्या सताड उघडलेल्या. चार पलंग, चार माणसं, प्रत्येकाच्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या निघून शेजारच्या मशीनमध्ये गेलेल्या. आणि प्रत्येक मशीनपाशी एक माणूस उभा राहून त्यावरचं लहानसं चाक हातानं फिरवत होता. दोन सिस्टर, एक टेक्निशियन आणि चौथ्या मशीनपाशी एका पेशंटचा मुलगा, ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र.

“कोण तुम्ही? पंपवाल्या?” सिस्टरनं मान न वळवता विचारलं. प्राजक्ता सिस्टर, मूळच्या मालवणच्या. हात फिरतच होता.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

“तर मग ह्यांना सोडवा,” त्या पेशंटच्या मुलाकडे मान करून म्हणाल्या. “त्यांचे हात भरून आलेत. हळूहळू फिरवायचं. घाई नाय करायची. बाहेर आलेलं रक्त परत आत जाऊ दे, मग मी नळी काढते.”

वीज गेली की मशीनची बॅटरी थोडा वेळ चालते, ती संपली की माणसाचं रक्त नळ्यांतच राहतं, म्हणून हातानं परत पाठवावं लागतं, हे मला प्राजक्ता सिस्टरांनी नंतर समजावलं. त्या वेळी मी फक्त चाक धरलं आणि फिरवलं. नळीतलं रक्त गडद, जाड, इंचाइंचानं पुढे सरकताना दिसत होतं. पलंगावर सत्तरीच्या एक बाई होत्या, ताराबाई, डोळे मिटलेल्या. खिडकीतून खाडीचा वास येत होता. मला काळवेळ कळेना. किती फेरे झाले, पाच मिनिटं की पन्नास, काही कळेना. चाक, नळी आणि त्या बाईंच्या छातीचं वरखाली होणं, एवढंच जग होतं.

चौघांचंही रक्त परत गेलं. नळ्या निघाल्या. एका गृहस्थांना दम लागला, त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं, संध्याकाळपर्यंत ते बरे झाले. ताराबाईंनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं. त्यांना झोप लागली होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

“झालं का गं?” त्यांनी सिस्टरला विचारलं. “आज मशीन फार हळू चाललं. रोज असं चालवा ना. बरं वाटलं.”

प्राजक्ता सिस्टर खुर्चीवर बसल्या, पदर नसलेल्या युनिफॉर्मचा कोपरा तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझा उजवा हात अजून फिरतोय असं वाटत होतं.

मेहूलभाईंच्या माणसांनी दुसरा पंप लावून पाणी काढलं. खड्ड्यातला गोळा गाळात रुतून बसला होता. पण प्रश्न राहिलाच की पाऊस नसताना एवढं पाणी आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना डेटा उघडला. हलवलेल्या प्रत्येक घराची एक जुनी प्रत मी माझ्याकडे ठेवते, ती एक चांगली सवय. एक्केचाळीस नंबरचे सगळे ‘उ’ आणि सगळे ‘भ’ तारखेसह काढले. स्वयंपाकघरातली भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवली आणि एकेक तारीख शोधायला लागले. पहिला ‘उ’, पौर्णिमा. दुसरा, अमावस्या. तिसरा, पौर्णिमेनंतरचा दिवस. ‘भ’ सगळे अष्टमीच्या आसपास. चारपाच तारखांनंतर मला कॅलेंडर बघायचीही गरज उरली नाही.

उ म्हणजे उधाण. भ म्हणजे भांग. समुद्राला अमावस्या-पौर्णिमेला मोठी भरती येते ती उधाणाची, मधल्या अष्टमीला लहान येते ती भांगाची. खाडीतलं पाणी उधाणाला जमिनीखालून, गटारांतून उलटं वर चढतं आणि तळघरात येतं. पावसाचा त्यात काही संबंध नाही. मोठं उधाण भरदुपारी, बारा-एकला येतं. काकांच्या तारखा वेड्यावाकड्या नव्हत्या, त्या चंद्राच्या होत्या; उधाणाच्या तोंडावर ते गोळा मोकळा करून ठेवायचे. चंद्र काही बरोबर पंधरा दिवस पाळत नाही. थोडा आधी येतो. मी लावलेला पंधराचा नियम दर खेपेला थोडा थोडा मागे पडत गेला आणि सहा महिन्यांत तीन दिवस मागे राहिला. उधाण ठरल्या वेळी आलं. साफसफाई मी पुढे ढकललेली होती.

आई चहा घेऊन आली. “कॅलेंडर का काढलंस? कोणाचं लग्न आहे का?”

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

घाटकोपरला गेले. मेहूलभाईंना सगळं दाखवलं. त्यांनी एकेक तारीख बोटानं जुळवून पाहिली. मग म्हणाले, “काकांनी सांगायला पाहिजे होतं ना. लिहून ठेवायला पाहिजे होतं, उ म्हणजे काय ते.”

“लिहिलेलं होतं, मेहूलभाई. रकान्याचं नावच पाणी होतं. मी वाचलं नाही. सेंटरला काय सांगायचं असेल ते सांगा, पण काकांचं नाव नका घेऊ. हे माझं आहे.”

त्यांनी खणातून जुळणीचा तो कागद काढला. मला वाटलं, आता माझ्यापुढे टाकतील. त्यांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं. “ही कोणाची आहे? माझीच ना? मी तर वाचलंपण नव्हतं.” कागद परत खणात ठेवत म्हणाले, “तुम्ही वर्सोव्याला जा. मला काकांच्या समोर जायला लाज वाटते.”

लाज मलाही वाटतच होती. पण गेले.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. उन्हात त्यांची पारदर्शक, चंदेरी झालर वाऱ्यावर हलत होती. मढला जाणारी फेरीबोट पलीकडे धक्क्याला लागत होती. हिरामण काका घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. बारीक, काळे, डोळ्यांना जाड चष्मा. मी नाव सांगितलं, काय झालं तेही सांगितलं, काही न लपवता. ते सुई थांबवून ऐकत होते.

“मानसा वाचली ना?” एवढंच विचारलं.

“वाचली.”

“मग जाला.” पुन्हा सुई चालू केली. जरा वेळानं म्हणाले, “तुजा फोन आलता, गो. दिवालीनंतर. मी व्होरीवर व्हतो, दर्यात. आल्यावर मी लावला परत.”

“तुम्ही लावलात?”

“लावला तं. तू कापलास. मंग एक मेसेज आला तुजा, इंग्रजीत. नातीनी वाचून दाखवला. ‘सध्या बोलू शकत नाय, मागाहून करते.’”

तो मेसेज मी लिहिलेला नव्हता. अनोळखी नंबर कापला की फोन तो आपोआप पाठवतो. दिवसात दहा वेळा जात असेल. 

“मग तुम्ही वाट पाहिलीत?”

“आठ दिस फोन संगती ठेवला. मंग मना वाटला, काम जाला असंल.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच फार जड गेलं. मी म्हटलं, “काका, तुम्ही दोन वर्षांच्या तारखा भरून ठेवल्या होत्यात. मी पुसल्या.”

“पुसल्या तं पुसल्या. चंदराला काय पुसता येतंय? परत भरू.”

काका सलग तीन सकाळी घाटकोपरला आले. मी त्यांच्याशेजारी बसले. आधी विचारायचं, मग लिहायचं. कुठल्या साइटवर उधाणाचं पाणी येतं, कुठे नाही, कुठे भरतीनंतर दोन तासांनी येतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. “ही मुलुंडची, हिकडं ठाण्याची खाडी, पानी उशिरा यतंय.” “ही बोरिवलीची, हिचा पानी गोडा, डोंगराचा. हिला पंधरा दिस चालंल, हिचा नको बदलू.” चाखायचे का, हे मी एकदाचं विचारून टाकलं. “मंग?” म्हणाले. “खारा हाय का गोडा, ता डोल्यांनी दिसतंय का?”

एक्केचाळीससारख्या आणखी सात साइट निघाल्या. सातांपैकी दोन ठिकाणी गोळे रुतलेलेच होते.

तेव्हापासून मी एक करते. काम हातात घेतलं की पहिल्या दिवशी रकाने बघत नाही. सगळ्यात जास्त कोणी लिहिलंय ते बघते आणि त्या माणसाला जाऊन भेटते. कुठे माणूस बदलापूरला असतो, कुठे मुलाकडे पुण्याला. दोनदा पोचले तेव्हा माणूस उरला नव्हता. त्या रकान्यांचा अर्थ कधीच लागला नाही, पण ते मी जसेच्या तसे नव्या घरात नेऊन ठेवले. क्लायंट कुरकुरतात की मॅडम, हे काय आहे, काढून टाका. मी म्हणते, “असू द्या. मला कळलं नाही म्हणून ते काही नाही असं होत नाही.” आता माझ्या डेटाला धुतल्या तांदळासारखा कोणी म्हणत नाही.

त्याच मेच्या शेवटी अमावस्या होती. आदल्या दिवशी एक्केचाळीसचा खड्डा साफ झाला. अमावस्येला दुपारी आम्ही तिघं तळघरात उभे होतो, काका, मी आणि मेहूलभाई. बॅटरीच्या उजेडात खड्ड्यातलं पाणी काळं, स्थिर दिसत होतं.  काकांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि अनवाणी उभे होते. बाराला पाच कमी असताना ते म्हणाले, “आला.” मला तर काहीच दिसलं नाही. मग गोळा जरासा डुलला, वर उचलला गेला, आणि पंपानं घरघर धरली. मेहूलभाईंनी श्वास सोडला. पाणी चढत राहिलं, पंप ते बाहेर टाकत राहिला. तासाभरानं पाणी आपसूक उतरायला लागलं.

“चला, वर चहा सांगितलाय सिस्टरांनी,” मी म्हटलं.

काका घुटमळले. “वर?”

“तुम्ही वर गेला नाहीत कधी?”

“बारा वर्सं हिकडं यतो. बाजूच्या जिन्यानी खाली, आनि तसाच बाहेर. वर काय हाय, तू सांगीपरयंत मना कुनी सांगलाच नाय. एक्केचालीस, बस.”

ते जिना चढले. चपला हातात. दाराशी येऊन थांबले. आत दुपारची पाळी चालू होती. पडदे ओढलेले होते, मशीनं मंद आवाज करत फिरत होती, आणि चारही पलंगांवरची माणसं गाढ झोपली होती. कोणाचं तोंड उघडं होतं, कोणाचा मोकळा हात पलंगाखाली लोंबत होता. काका उंबऱ्यावर उभं राहून एकेकाकडे बघत होते, बराच वेळ, मान थोडी कलती करून.

प्राजक्ता सिस्टरांनी त्यांना पाहिलं. “या ना काका, आत या. चहा घ्या.”

काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

“नको,” ते कुजबुजले. “निजू दे त्यांना.” आणि चपला न घालताच, एकेक पायरी जपून टेकत, खाली उतरून गेले.